उल्हासनगरच्या एका बराकीचा नकाशा : कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

काम आज सुरू झालं, आणि सुरू झालं ते वादातून. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आपला नळ पाच नंबरच्या दारासमोर होता." मी म्हटलं, नऊ नंबरच्या. तो ऐकेना. शेवटी कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर बराक काढायला घेतली. अर्ध्या तासात पानावर दोन बराकी उभ्या राहिल्या, एक त्याची आणि एक माझी. एकीचा दुसरीशी मेळ बसेना. आई पलंगावरून बघत होती. आता नव्वदीची आहे, फार बोलत नाही. आजही बोलली नाही.

तेव्हा ठरलं की हे नीट करायचं. उल्हासनगर कॅम्प नंबर एकमधली आमची बराक, तिच्या दहा खोल्या आणि समोरची गल्ली, साधारण १९६२ ते १९७५ या काळात जशी होती तशी कागदावर उतरवायची. मोजमाप भावाकडे; त्याचा जन्म सर्व्हेच्या कामात गेला. माणसं माझ्याकडे.

पुढे कुणी ही वही वाचली तर कळावं म्हणून इथे लिहून ठेवते. ही वस्ती कुणी राहण्यासाठी बांधलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर सैन्याचा तळ पडला, दोन हजारांहून जास्त बराकी उठल्या. युद्ध संपलं, तळ ओस पडला. मग फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारने याच बराकींत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. तरी आमच्या लहानपणी कुणी उल्हासनगर म्हणत नसे. "कुठे राहता?" "कॅम्पात." एवढंच.

आम्ही निर्वासित नव्हतो. वडील शहाडच्या रेयॉन कारखान्यात कामाला लागले. कारखान्याजवळ परवडेल अशी जागा म्हणजे बराकीतली भाड्याची खोली. दहा खोल्यांत आमचं एक घर मराठी. आमची खोली आठ नंबर.

६ नोव्हेंबर

भावाने प्रमाण ठरवलं, १:५०. आमची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट खोल होती, म्हणजे कागदावर सहा सेंटिमीटर बाय सव्वासात. दहा खोल्या सलग ओळीत साधारण एकसष्ट सेंटिमीटर होतात. पूर्ण ड्रॉइंग शीटवर बराक आडवी बसते आणि खाली गल्लीला जागा उरते.

खोल्यांमधल्या भिंती कशा दाखवायच्या यावर बराच वेळ गेला. कारण त्या भिंती छपरापर्यंत नव्हत्याच. सैनिकांसाठी ते एकच लांब दालन होतं, नंतर आडोसे घालून त्याचीच घरं केली. नऊ नंबरची अम्मा सांगायची की सुरुवातीची काही वर्षं नुसते गोणपाटाचे पडदे होते. आमच्या वेळी पुरुषभर उंचीची आडभिंत होती आणि तिच्यावर कौलांपर्यंत मोकळं. रात्री सहा नंबरमध्ये दिवा लागला की आमच्या वाशांवर उजेड यायचा. कुणाकडे हिंग-जिऱ्याची फोडणी पडली, कुणाचं मूल खोकलं, कुणी उशिरा घरी आलं, सगळं सगळ्यांना कळायचं. भाऊ म्हणाला, तुटक रेघ मारूया. तेच केलं. बाहेरची भिंत ठळक, आतल्या सगळ्या तुटक.

१० नोव्हेंबर

जागेवर जाऊन आलो. कल्याणला गाडी बदलून शहाडला उतरलो, तिथून चालत. विठ्ठलाच्या बिर्ला मंदिरापाशी क्षणभर थांबलो. दर एकादशीला वडील आम्हाला इथे आणायचे.

बराक नाही. हे माहीतच होतं, तरी पायांना ते पटत नव्हतं. त्या जागी पाच मजली इमारत आहे, खाली दुकानं, एकात मोबाइलची कव्हरं आणि एकात साड्यांना फॉल-बिडिंग. पण गटार त्याच रेषेत वाहतं आणि कोपऱ्यावरचा पिंपळ आहे. भावाने गटारापासून पिंपळापर्यंतचं अंतर फितीने मोजलं. तेवढी एकच खात्रीची रेघ मिळाली. बाकी सगळं तिच्यावरून मांडायचं.

फीत धरून उभे असताना एक पोरगा विचारून गेला, "आंटी, रोड वाइडनिंग है क्या?" त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. मी त्याला सांगितलं की आम्ही फक्त जुनं घर शोधतोय. तो दहा मिनिटं आमच्याबरोबर फीत धरून उभा राहिला.

१७ नोव्हेंबर

आज खोल्यांमध्ये माणसं लिहायला बसले आणि अडले.

एक नंबर : शिलाई मशीनवाले. दोन : ज्यांच्याकडे रेडिओ होता ते. तीन : पापडवाल्या. चार : मास्तरसाहेब, शाळेत सिंधी शिकवायचे. पाच : दर वर्षी भाडेकरू बदलायचे. सहा : रात्रपाळीवाले काका. सात : जुळ्या मुली. आठ : आम्ही. नऊ : अम्मा. दहा : कोळशाची वखार.

एकाही बाईचं नाव मला येत नाही. पुरुषांची अर्धी येतात, कारण ती पोस्टमनच्या तोंडी असायची. ज्या बायांच्या मांडीवर मी वाढले, ज्यांनी माझ्या केसांतल्या उवा काढल्या, गोवर आला तेव्हा रात्रभर कडुनिंबाच्या डहाळीने वारा घातला, त्या सगळ्या माझ्याकडे नात्याने किंवा नंबराने आहेत. अम्मा, दादी, तीन नंबरवाली. मी त्यांना नाव विचारलं नाही. लहान मुलं विचारत नाहीत हे खरं, पण मी त्या गल्लीत एकोणीस वर्षांची होईपर्यंत राहिले.

भाऊ म्हणतो नंबर पुरेसे आहेत. मला ते पुरेसे वाटत नाहीत. कॅम्पातल्या कचेरीत त्यांना बराक नंबर आणि खोली नंबरच होता, रेशन कार्डावरही तेच. नकाशातही तसंच राहिलं तर तो माझ्या हातून झालेला अन्याय होईल. आता मोजमापाबरोबर नावं शोधणं हेही काम.

२४ नोव्हेंबर

नळाबद्दल आठवेल ते सगळं आज एकदाच लिहून काढते.

पाणी पहाटे साडेचारला यायचं. त्याच्या आधी नळ घशातून आवाज काढायचा, आणि तो ऐकून बराकीत एकामागून एक कड्या निघायच्या. रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. रात्रीच बादल्या, हंडे, तेलाचे डबे ओळीत लावून ठेवलेले. तीन नंबरची कळशी पितळेची, तिच्या काठाला पोचा. आमच्या बादलीला लाल दोरा. ज्याचं भांडं पुढे, त्याचा नंबर पुढे, आणि या नियमावरून रोज एक तरी भांडण व्हायचं. भांडणं सिंधीत व्हायची. आई मराठीत उत्तर द्यायची, आणि कसं कोण जाणे, दोघींना सगळं समजायचं.

सिंधीत 'आहे' हा शब्द आहे, आपल्यासारखाच. "छा आहे?" म्हणजे "काय आहे?" मला चार वर्षांची असताना वाटायचं की शेजारचे लोक मराठीच बोलतात, फक्त घाईत बोलतात. खेळताना आम्ही त्यांचेच आकडे घ्यायचो : हिक, ब, टे, चार, पंज. त्यातला 'ब' आपल्यासारखा नाही, तो म्हणताना श्वास आत ओढावा लागतो. अम्माने मला तो शिकवला. माझ्या गळ्यावर बोट ठेवून म्हणायची, "अंदर, अंदर." सहा महिने लागले. अजून येतो, मघाशी म्हणून पाहिला.

पाणी सातला जायचं. मग शेगड्या बाहेर यायच्या. दहा दारांत दहा शेगड्या, कोळसा पेटेपर्यंत गल्लीभर धूर, आणि त्या धुरात वेण्या घातलेल्या मुली आणि तेल लावून चप्प भांग पाडलेले मुलगे शाळेला निघायचे. रविवारी या धुराला दाल-पकवानचा वास असायचा. मैद्याची कडक पुरी, वर चणाडाळ, त्यावर चिंचेचं आंबट आणि कांदा. अम्मा एक ताटली आडभिंतीवरून आमच्याकडे द्यायची. दारातून नाही, भिंतीवरूनच. आई ताटली रिकामी परत करत नसे. साखर, दोन लिंबं, काही नसेल तर कढीपत्त्याची डहाळी.

नळ कुठे होता हे मात्र अजून ठरलेलं नाही.

१ डिसेंबर

तीन नंबरचा धाकटा मुलगा सापडला. आता सत्तरीचा आहे, कॅम्प दोनमध्ये दुकान आहे, मुलगा सांभाळतो. एका ओळखीच्या किराणावाल्याकडून नंबर मिळाला. फोनवर मी माझं आताचं नाव सांगितलं, त्याला काहीच बोध होईना. लग्नात माझं नाव बदललं, हे मी रोजच्या जगण्यात विसरून गेले आहे. मग म्हटलं, "आठ नंबरची बेबी." पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन तुटला. मग तो म्हणाला, "बेबी, तेरी माँ है अभी?"

तास-दीड तास बोललो. त्याच्या आईचे पापड. तिच्या खोलीत उडदाचं पीठ मळायला चार बाया बसायच्या, खाटांवर जुनी धोतरं पसरून पापड उन्हात टाकायचे, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला आम्ही मुलं. राखणीचं वेतन दोन कच्च्या लाट्या. तो आणि त्याचा मोठा भाऊ शाळा सुटल्यावर तेच पापड घेऊन लोकलमध्ये चढायचे. कल्याणहून दादरपर्यंत, पुन्हा उलट. सिंधमध्ये त्याच्या आजोबांची जमीन होती, असं तो पहिल्यांदाच मला सांगत होता. लहानपणी त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. बहुतेक त्यालाही तेव्हा माहीत नसावं.

आईचं नाव त्याने लगेच सांगितलं. तीन नंबर भरला. त्याने एक विनंती केली, ती पाळणार आहे : उल्हासनगरच्या मालावरून लोक जो विनोद करतात, तो या कामात कुठे येऊ द्यायचा नाही. "हमारी माँ के हाथ फट जाते थे," तो म्हणाला.

८ डिसेंबर

तारखेमुळे आठवण वर आली.

१९७१ साली मी पंधरा वर्षांची होते. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि कॅम्पात काळोख पाळायचा हुकूम आला. खिडक्यांना तपकिरी कागद लावले. पण आमच्या आडभिंती वरून उघड्या, एकाचा दिवा तो सगळ्यांचा दिवा, म्हणून संध्याकाळी सातनंतर अख्ख्या बराकीत मिळून एकच कंदील, तोही खाटेखाली. दोन नंबरच्या रेडिओभोवती सगळी गल्ली बसायची.

आपल्या आरमाराने कराचीवर हल्ला केला तो ४ तारखेच्या रात्री, आणि पुन्हा ८ तारखेच्या. कराची बंदरातल्या कियामारीचे तेलाचे साठे पेटले. पेपरात मोठी बातमी होती. अम्माला देवनागरी वाचता येत नसे, म्हणून पेपर वाचून दाखवायचं काम माझं. मराठीतलं हिंदीत करत मी धावत तिच्या दारात गेले. गल्लीत कुणी पेढे वाटत होतं. मी मोठ्याने वाचलं, कराची, कियामारी, आग.

अम्मा तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कियामारी लिखा है?" मी बोट ठेवून दाखवलं, जणू तिला ते वाचता येणार होतं. ती म्हणाली, "हम वहीं से चढ़े थे."

मला तेव्हा अर्थ लागला नाही. नंतर जोडत गेले. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, आणि तोवर थांबलेले हजारो हिंदू त्यानंतरच्या आठवड्यांत बोटींनी मुंबईला आले. अम्मा त्यांत होती. सिंधमधलं हैदराबाद सोडून कराची, कराचीच्या धक्क्यावरून बोट, मुंबईच्या गोदीतून आगगाडी, आगगाडीतून कल्याण कॅम्प. कियामारी हा तिने पाहिलेला सिंधचा शेवटचा तुकडा होता. आणि तो जळाल्याची खबर तिला पेढ्याच्या हाताने मी दिली.

तिने पेढा घेतला. देशाचा विजय तिचाही होता, हे मी तिच्या वतीने आज ठासून लिहिते, कारण तिच्या डोळ्यांत त्या दिवशी जे होतं ते पाहून कुणी चुकीचा अर्थ लावला असता. रेडिओपाशी ती रोज बसत होती. तिचा मोठा मुलगा रक्तदानाच्या रांगेत उभा राहिला होता. पण त्या दुपारी तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ तशीच उंबऱ्यावर बसून राहिली.

२२ डिसेंबर

भावाने गल्लीची रुंदी दुरुस्त केली, चौदा फुटांऐवजी अकरा. आम्ही लहान होतो म्हणून ती रुंद होती. सहा नंबरचं नाव मिळालं, पत्नीचंही. एक नंबर आणि सात नंबर कुठे गेले, काही माग लागत नाही.

१३ जानेवारी २०२५, भोगी

आज बाजरीची भाकरी, तीळ लावून, आणि भोगीची भाजी. सकाळपासून मनात बराकच.

आपली भोगी त्याच दिवशी त्यांची लाल लोई. आठवडाभर आधीपासून मुलं लाकडं गोळा करत हिंडायची, दारोदार जाऊन एकेक काटकी मागायची, आणि आम्ही दोघं त्यांच्यात. रात्री गल्लीच्या तोंडाशी जाळ पेटायचा. बाया भोवती गाणी म्हणायच्या. थंडीत पुढून भाजायचं आणि पाठ गार. दुसऱ्या दिवशी संक्रांत, तेव्हा आई हलवा आणि तिळाच्या वड्या घेऊन नऊच्या नऊ घरं फिरायची. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे दोन नंबरची दादी "गोर बोला" असं म्हणायची आणि नळावरची आदल्या दिवशीची भांडणं त्या एका वडीवर मिटायची. चैत्रातही असंच. आमची गुढी उतरते न उतरते तोच त्यांचा चेटीचंड, सिंधी नववर्ष. त्यांच्या झुलेलाल देवाची मिरवणूक, मधोमध बहराणा, म्हणजे पिठाचा दिवा ठेवलेलं पूजेचं ताट, आणि पुढे छेज, म्हणजे टिपऱ्यांचा नाच करणारे.

पण मला लिहायचं होतं ते हळदीकुंकवाचं. आई गल्लीतल्या सगळ्यांना बोलवायची. आमच्या कारखान्यातल्या मराठी बायाही यायच्या. मग "नाव घ्या, नाव घ्या" सुरू व्हायचं. सिंधी बायकांना उखाणा ठाऊक नव्हता, पण त्यांनाही नवऱ्याचं नाव तोंडाने घेणं जड जायचं, त्यामुळे मजा लगेच कळली. अम्माने एकदा सिंधीतच काही जुळवून म्हटलं आणि पदराआड तोंड लपवलं. सगळी खोली हसली.

आज भाकरी थापताना लक्षात आलं. नाव घ्या म्हणजे नवऱ्याचं. वर्षातून एकदा दहा घरच्या बाया एका सतरंजीवर बसायच्या, नावावरूनच सगळा खेळ चालायचा, आणि त्यांतल्या एकीलाही कुणी तिचं स्वतःचं नाव विचारलं नाही.

२६ जानेवारी

मास्तरसाहेबांची (चार नंबर) नोंद.

ते आम्हा मुलांना ओट्यावर बसवून जन गण मन म्हणायला लावायचे. "पंजाब सिंध गुजरात मराठा" या ओळीवर हात वर करून थांबवायचे आणि पुन्हा म्हणायला लावायचे. आम्ही मराठा ओरडून म्हणायचो, बाकीची मुलं सिंध ओरडून म्हणायची. मला वाटायचं हा खेळ आहे. ज्या प्रांताचा जमिनीचा तुकडाही भारतात उरला नाही त्याचं नाव मुलांच्या तोंडी रोज राहावं एवढ्यासाठी ते चाललं होतं.

१९६७ साली सिंधीचा घटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला, तेव्हा त्यांनी पगारातून गल्लीला मिठाई वाटली. आम्हालाही. वडिलांना म्हणाले, "अब हमारी ज़बान का भी घर का पता हो गया." हे वाक्य वडील पुढे आयुष्यभर सांगत. माझ्याही कानात त्यांच्याच आवाजात आहे.

रात्री भावाशी अम्माच्या गल्लीबद्दल बोलले. उन्हाळ्यात कौलं तापली की रात्री सगळ्या खाटा बाहेर यायच्या आणि अम्मा आम्हाला तिच्या हैदराबादच्या गल्लीतून चालवायची. डाव्या हाताला अमुक, मग विहीर, मग ज्यांचं दार हिरवं ते, मग ज्यांच्याकडे पींघो होता, म्हणजे झोपाळा, ते. प्रत्येक घराच्या छपरावर मंघ, वारा पकडून खाली खोलीत सोडणारा उंच सांगाडा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ती सांगताना हाताने वारा खाली ओढून दाखवायची. दर उन्हाळ्यात तीच गल्ली, त्याच क्रमाने. एखादं घर चुकलं तर आम्ही सांगायचो, "अम्मा, हिरवं दार राहिलं."

भाऊ म्हणाला, ती गल्ली मी आजही काढू शकतो. आणि त्याने काढली. अकरा घरं, विहीर, पिराची जागा, मिठाईचं दुकान. ती गल्ली आम्ही दोघांनीही कधी पाहिलेली नाही. वेगळ्या कागदावर आहे, प्रमाण नाही, कारण अम्माने पावलं कधी सांगितली नाहीत. हा कागद नकाशाच्या खाली जोडायचा असं ठरवलं.

९ फेब्रुवारी

पिंपरीहून फोन. अम्माची नात तिथे राहते, पिंपरीतही निर्वासितांची मोठी वस्ती झाली होती. तीन नंबरच्या मुलाने दिलेला धागा तिथपर्यंत पोचला. अम्मा १९८८ साली गेली. नातीने आजीचं नाव सांगितलं. फार गोड नाव आहे.

मी ते लगेच नऊ नंबरमध्ये पेन्सिलीने लिहिलं आणि मग तिने जाता जाता सांगितलं, "पण हे सासरचं हं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे. माहेरचं आम्हाला कुणालाच माहीत नाही. तिच्या माहेरचं कुणी राहिलंच नव्हतं विचारायला."

पेन्सिल हातात तशीच राहिली.

१६ फेब्रुवारी

आज नकाशा गुंडाळून डोंबिवलीला भावाकडे नेला, आईला दाखवायला. पलंगावर पसरला. आईने चष्मा लावला आणि बोटाने एकेक खोली चालत गेली. एक नंबर, दोन, तीन. आठवर क्षणभर थांबून नऊवर आली.

मी वाचून दाखवलं, "अम्माचं नाव मिळालं, आई."

आई म्हणाली, "हे नव्हे."

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवते. मी सात-आठ महिन्यांची पोटात असतानाचं... नाही, भाऊ पोटात असतानाचं, असं तिने स्वतःच दुरुस्त केलं. म्हणजे १९६०. आम्ही तेव्हा नुकतेच बराकीत आलो होतो. माझा समज १९६२चा होता, तोही चुकला. दुपारी दोघी उंबऱ्यावर रेशनचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. अम्माने विचारलं, तुमच्यात लग्नात काय काय करतात. आईने सांगितलं की ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. अम्माने विचारलं, "और पुराना?" आईने सुपातल्या तांदळात बोटाने स्वतःचं माहेरचं नाव लिहिलं. मग अम्माने शेजारी तिचं लिहिलं. ती गुरुमुखी शिकलेली, टिकाण्यात, म्हणजे सिंधींच्या देवळात, गुरु ग्रंथसाहेब वाचायची. आईला ते वाचता येईना, म्हणून अम्माने कानाशी येऊन म्हटलं. मग दोघींनी सूप हलवलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

"त्यानंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर काय. भिंतीपलीकडून बाकी कुणी नसलं की आम्ही त्याच नावाने हाक मारायचो. हळू."

म्हणजे मी ती हाक ऐकली असणार. पंधरा वर्षं, त्या उघड्या भिंतीवरून. मला ती कुठल्यातरी सिंधी शब्दासारखी वाटली असेल.

आईने पेन्सिल मागितली. हात कापतो, म्हणून भावाने कागद दोन्ही बाजूंनी धरला. तिने आधी नऊ नंबरमध्ये लिहिलं, पिंपरीहून आलेल्या नावाच्या वर. मग आठ नंबरमध्ये स्वतःचं. आईच्या अक्षरातलं ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग दोन्ही खोल्यांमधली तुटक रेघ तिने नीट निरखून पाहिली आणि म्हणाली, "एवढी उंच नव्हती."

दोन्ही नावं नकाशावर आहेत. या वहीत उतरवत नाही, आईला विचारून घेतलं. नातीला फोन करून सांगायचं तेवढं आई स्वतः सांगणार आहे.

निघताना भावाने नळाचं काढलंच. आई म्हणाली, आधी नऊ नंबरसमोर होता, तू शाळेत जायला लागलास त्या वर्षी पाइप फुटला म्हणून पाचसमोर नेला. भावाने दोन टिंबं दिली, एक पोकळ आणि एक भरीव. उद्या शाई भरायला घेतो आहे. बाहेरची भिंत आधी.